सात नंबरचा ठिपका

धाकटी साहेबांबरोबर चहाला गेली तशी थोरलीने तिची खुर्ची ओढून घेतली, दाराकडे एकदा पाहिलं आणि तिच्या नावाने उघड्याच राहिलेल्या स्क्रीनवरचं सात नंबरचं पोर्ट, म्हणजे त्या केबलची जोडणी, बंद करून टाकलं. मग आपल्या जागेवर येऊन ती उगाच एक जुनी फाइल चाळत बसली.

हॉस्पिटलचं कॉम्प्युटर नेटवर्क सांभाळणाऱ्या या खोलीत तिची अकरा वर्षं गेली होती. कुठल्या भिंतीतून कुठली केबल जाते, हे ती डोळे मिटून सांगायची. चार महिन्यांपूर्वी नेटवर्कवर पहारा ठेवणारी नवी फायरवॉल आली. ती सांभाळायला शिकलेलं माणूस हवं म्हणून साहेबांनी जिला घेतलं, ती थोरलीची धाकटी जाऊ. जागा निघाल्याचं घरी सांगितलं होतं तेही थोरलीनेच. तेव्हापासून ऑफिसात 'मॅडम' आणि घरी 'ताई' म्हणणारी ही कालची पोर दोन्हीकडचं कौतुक लुटत होती. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमच्या धाकटीच्या बोटावर अख्खं हॉस्पिटल चालतं हो!" अकरा वर्षं ते कुणाच्या बोटावर चालत होतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

सात नंबरची केबल मागच्या आठवड्यात धाकटीने बदलली होती. तिथे काही बिघडलं की केबल सैल राहिली, असंच सगळे म्हणणार. फार काही नको होतं थोरलीला. साहेबांनी एकदा तिला चारचौघांत ऐकवावं, बस्स.

पाचव्या मिनिटाला लॅबमधून फोन आला.

"मॅडम, रिपोर्ट वर जातच नाहीत. ऑपरेशन थिएटरवाले रक्ताच्या रिपोर्टसाठी खोळंबलेत. पेशंट टेबलावर आहे."

सात नंबरवर मीटिंगची खोली असायची, निदान अकरा वर्षं तरी. म्हणजे धाकटीने नुसती केबल बदलली नव्हती, लॅबची लाइन तिथे आणली होती. थोरली धावत धाकटीच्या टेबलापाशी गेली, पण तेवढ्यात साहेब आणि धाकटी आत आलेच.

"लॅबची केबल कुणी लावली होती?" साहेबांनी दारातूनच विचारलं. लॅबचा फोन त्यांनाही गेला होता.

"मी, सर." धाकटी स्क्रीनवर वाकली. ओळीने हिरवे ठिपके, मधेच एक वेगळा. "पण केबल सुटली असती तर हा तांबडा झाला असता. राखाडी आहे. म्हणजे इथूनच कुणीतरी बंद केलंय."

तिने पोर्ट चालू केलं. ठिपका हिरवा झाला. लॅबचा माणूस फोनवरून ओरडला, "गेले, गेले रिपोर्ट!"

"कुणी बंद केलं?" साहेब जागचे हलले नाहीत.

धाकटीने नोंदींचं पान उघडलं. थोरलीला तिची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ क्षणभर ताठ झाली. मग पान मिटलं.

"माझंच नाव आहे, सर. सकाळी तपासताना माझ्याकडून झालं असणार."

मग साहेबांनी तिला ऐकवलं. लॅबमधून दोघं वर आले होते, त्यांच्यादेखतच. "मॅडमकडून शिका जरा. अकरा वर्षांत एकदा असं घडलं नाही." धाकटी खाली मान घालून उभी होती. थोरलीला हवं होतं ते शब्द न् शब्द घडत होतं, आणि तिला ते ऐकवेना.

दुपारी ती दोनदा थिएटरच्या मजल्यावर जाऊन त्या पेशंटची चौकशी करून आली. दुसऱ्या खेपेला नर्स म्हणाली, "बरे आहेत हो. तुमच्या नात्यातले का?"

संध्याकाळी जेवणं उरकल्यावर दोघी स्वयंपाकघरात होत्या. धाकटी भांडी धूत होती, थोरली पुसत होती.

"नोंदीतली वेळ पाहिलीस ना तू?" थोरलीने विचारलं.

"पाहिली. नऊ चाळीस. तेव्हा मी साहेबांसमोर चहा घेत होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

धाकटीने नळ बंद केला.

"वॉर्डातून फोन आला की मी उचलला तरी म्हणतात, मॅडमना द्या. तुम्ही सुट्टीवर असलात तर म्हणतात, उद्या करतो. चार महिने मी वाट बघतेय, ताई, तुमच्या हातून कधी काही चुकतंय याची." तिने ओला हात पदराला पुसला. "आज सापडलं. साहेब शेजारीच उभे होते. तोंडावर आलं होतं अगदी. पण तुमचा चेहरा आठवला आणि नाही बोलवलं."

बाहेर सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवत होत्या. थोरलीने हातातलं ताट खाली ठेवलं.

"ते चुकून नव्हतं झालं गं."

"ठाऊक आहे," धाकटी म्हणाली आणि तिने नळ पुन्हा सोडला. "पोर्ट बंद करण्याआधी कॉम्प्युटर दोनदा विचारतो, नक्की का म्हणून."

थोरलीने तेच कोरडं ताट उचललं आणि पुन्हा पुसायला घेतलं.