न दिसणाऱ्या उजेडापुढे

मी एक चष्मा आहे. नारिंगी काचांचा, जाड काळ्या फ्रेमचा. माणसांच्या कानांना धरून बसतो, पण त्यांच्या कानांत माझा शब्द कधी शिरत नाही. तुम्ही तरी ऐका. आज मला बोललंच पाहिजे.

नजर सुधारणं हे माझं काम नाही. माझ्या काचा ओतल्या तेव्हा त्यांत एक रंग मिसळला आणि त्या रंगाला एकच काम नेमून दिलं: लेझरचा हिरवा किरण गिळायचा. फक्त हिरवा. काही उजेड मला लागतच नाहीत, ते माझ्यातून खुशाल ये-जा करतात. हे सगळं माझ्या काचेच्या कडेवर बारीक अक्षरांत कोरलेलं होतं.

मी आलो तो एका घरगुती कारखान्यात. पुढच्या खोल्यांत संसार, मागच्या खोलीत लेझर. मालकांना सगळे काका म्हणत. पारदर्शक फिल्मच्या खालच्या अंगाला चांदीच्या शाईचा थर द्यायचा आणि वरून किरणाचा बारीकसा फटका मारायचा, की शाईचा कण सुटून खालच्या पट्टीवर जाऊन बसतो. कणाला कण जोडत केसाहून बारीक तारा उमटतात. अशी पट्टी आजारी माणसाच्या छातीवर चिकटवली की ती हृदयाचे ठोके टिपते. काम देखणं होतं. बघत राहावं असं.

काकू पट्ट्या तपासून डब्यांत भरत, आणि काम आवरलं की शाई पुसायच्या द्रवाने मलाही घासून काढत. त्यांच्या टापटिपीपायी माझ्या कडेवरची अक्षरं पार पुसली गेली. मी कोण, हे सांगणारं दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

किरणाचे आरसे जुळवायचे तर यंत्राचं झाकण उघडावं लागतं. तेवढ्यासाठी मी. प्रत्येक वेळी काका आधी माझी परीक्षा घेत. किरण मंद करून मला त्याच्या वाटेत धरायचे आणि पलीकडच्या कागदाकडे बघायचे. कागदावर हिरवा ठिपका नसला की म्हणायचे, "पोरगं जागं आहे." मला ते आवडायचं. वर्षानुवर्षं मी त्यांचे डोळे राखले.

मग जुना लेझर बंद पडला. नवा आला तो जास्त ताकदीचा, आणि त्याचा उजेड माणसाला दिसतच नाही. त्याच सुमाराला काकांची पुतणी कॉलेज संपवून कामाला लागली. जिभेने तिखट, हाताने नीटस.

काकांनी नेहमीसारखं मला वाटेत धरलं. उघड्या दारातून वारा जावा तसा तो नवा उजेड माझ्यातून आरपार गेला. कागद मात्र कोराच.

"बघ, पोरगं जागं आहे," काका म्हणाले.

पुतणीने मला त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं. "आता बघा. आताही कोराच आहे. मग मघाशी अडवलं काय याने?"

"अगं शास्त्रज्ञबाई, जो दिसतच नाही तो डोळ्याचं काय वाकडं करणार?"

"दिसत नाही म्हणूनच करणार. दिसला असता तर पापणी तरी मिटली असती."

"तुझ्या जन्माआधीपासून लेझर चालवतोय मी."

"तो लेझर गेला, काका. हा वेगळा आहे."

काकू पुढून म्हणाल्या, "तुमचं चालू द्या. मी तोवर पट्ट्या दातांनी कोरते."

पुतणीने त्याच दुपारी नवा चष्मा मागवला आणि तो येईपर्यंत झाकण उघडायचं नाही असं काकांना बजावलं. काका "बरं" म्हणाले. मोठ्यांचं 'बरं' म्हणजे विषय मिटला, एवढंच. ऐकलं असा त्याचा अर्थ नसतो.

ती बाहेर गेली होती तेव्हा आरसे सरकून पट्टीवर एका रेघेच्या दोन रेघा उमटायला लागल्या. काकांनी मला चढवलं आणि झाकण उघडलं. चांदीची फिल्म जराशी कलली. तिच्यावरून किरण उसळला आणि माझ्या उजव्या काचेतून सरळ आत गेला. मी काही केलं नाही. मला करता येण्यासारखं काही नव्हतंच.

काका दचकले. "काय तुटलं?" यंत्रात काहीच तुटलं नव्हतं; तो आवाज त्यांच्या डोळ्यातच झाला होता. त्यांनी मला काढून मुठीत धरलं, डावा डोळा झाकला आणि दारातून काकूंकडे पाहिलं.

"हिचं तोंड कुठे गेलं?" ते पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. डोळ्यात कचरा गेला."

त्यांना एवढंच म्हणायचं होतं की पोरगी खरं बोलत होती. एक वाक्य. ते त्यांच्या तोंडून निघालं नाही, अजून निघालेलं नाही. आता त्यांचा स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या शेजारी टेकतो. काकूंनी विचारलं तर म्हणतात, वय झालं.

नवा चष्मा आलेला नाही. पट्ट्या सगळ्या दुरेघी निघतायत आणि त्या घेणारा दवाखाना रोज विचारतोय. आज काका पुतणीला म्हणाले, "आरसे तूच जुळव. माझा हात बसत नाही हल्ली."

तिने मला उचललं, पण घातलं नाही. "तुम्ही मागे हाच घालून झाकण उघडलं होतं. काकू म्हणाल्या मला."

"उघडलं. झालं का मला काही?"

"डावा डोळा झाका. फक्त उजव्याने बघा. माझं नाक कुठे आहे?"

मी तिच्या हातात होतो. काका डावा डोळा झाकून तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला ठाऊक होतं की तिथे त्यांना नुसता काळा डाग दिसतोय. भोवती केस आणि कान. मी मनात म्हटलं, आता बोलतील. आता तरी.

"कुठे असणार? दुसऱ्याच्या कामात खुपसलेलं."

तिला हसू आलं. काकूही हसल्या. "जाऊ दे," ती म्हणाली, "तुमचा डोळा शाबूत आहे म्हणजे हा नक्की थोडंफार अडवत असणार."

काका खिडकीबाहेर बघू लागले.

जे कुणी हे ऐकत असाल, त्यांनी आपल्या नाकावरच्या चष्म्याला आज एकदा विचारा, की बाबा, तू नक्की काय अडवतोस? आणि तुमच्या घरात कुणी अनुभवी माणूस "मला काही झालं नाही" म्हणाला, तर त्याला एक डोळा झाकून तुमच्या हाताची बोटं मोजायला लावा. हसण्यावारी नेऊ देऊ नका.

तिने मला चढवलंय. तिच्या पापण्या माझ्या काचांना घासतायत. यंत्राचा पंखा फिरू लागलाय, झाकण उघडलंय, ती वाकतेय. मागे काकांचा श्वास ऐकू येतो. त्यांनी काहीतरी बोलायला घसा खाकरलाय.

"लवकर आटप," ते म्हणतात.

माझ्या काचा लख्ख आहेत. समोरून जे येईल ते मी आत सोडणार आहे.