पोथीत ठेवलेलं कुंकू

पोथी देताना सगुणाबाईनं भास्कर मास्तरांना एकच गोष्ट सांगितली होती.

"बगा, वाचा, काय तां करा. पन लालला बोट लावू नका."

मास्तर "बरं" म्हणाले. का, ते त्यांनी विचारलं नाही. विचारायला जीभ झिजली नसती. पण बंदरावरच्या पेठकिल्ल्यातल्या खारव्याच्या बाईला हायस्कुलातल्या मास्तरानं काय विचारायचं? बाईनं सांगायचं आणि मास्तरानं मान हलवायची, एवढीच दोघांमधली रीत.

विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्या आळीला ठाऊक होतं. सगुणाबाईच्या घरातला माणूस दर्यावर गेला, परत आला नाही आणि प्रेतही कुठं लागलं नाही, तर त्याचे दिवस घालत नसत. त्याची बायको कपाळावरचं ओलं कुंकू बोटावर घ्यायची आणि पोथीतल्या गोल चित्रावर टेकवायची. पुसायची नाही, ठेवायची. माणूस आला तर त्याच ठिपक्यावर बोट घासून कुंकू परत कपाळी लावायचं. तसं एकदा झालंही होतं. आजेसासऱ्याच्या वेळी मेला समजलेला एक तांडेल, गलबतावरचा म्होरक्या, मस्कतेहून हातभर दाढी घेऊन परत आला, आणि त्याच्या बायकोनं भर दुपारी, सगळ्या आळीदेखत, पोथीतनं आपलं कुंकू काढून घेतलं.

सगुणाबाईचा नवरा लवू मंगळूरची कौलं आणायला मचवा घेऊन गेला होता, तो परतला नव्हता. त्याचा ठिपका चित्रात खालच्या अंगाला होता. तो तिथं होता तोवर लवू यायचा होता.

ती पोथी मात्र कुणालाच वाचता येत नव्हती. कुण्या पूर्वजानं फुटलेल्या जहाजातनं आणली म्हणत. मास्तरांनी ती कोर्टातल्या मोडी वाचणाऱ्या कारकुनाला दाखवली, मौलवींना दाखवली, एका जुन्या भटजींनाही दाखवली. तिघांनी पानं उलटीसुलटी करून पोथी परत दिली. चित्रं तेवढी होती : झाडांसारखी काही, माशांसारखी काही, आणि मधोमध ते मोठं गोल. भोवती लाटांचं कडं, आत एक आडवी रेघ आणि तिच्यापासून खाली एक उभी.

मास्तरांकडे मुंबईहून मागवलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. युरोपातल्या मठांत सात-आठशे वर्षांपूर्वी काढलेले जगाचे नकाशे त्यात छापले होते. तेही गोल. भोवती समुद्र, पूर्व वरती, वरच्या अर्ध्यात आशिया, खाली युरोप आणि आफ्रिका, मधून पाण्याच्या रेघा. आणि बरोबर मध्यावर जेरुसलेम. मास्तरांनी पोथी पुस्तकाशेजारी ठेवली आणि एकेक रेघ ताडून पाहिली. रेघेला रेघ जुळत होती. मध्यावर मात्र एक मोठा लाल ठिपका होता. सगळ्यांत जुना, काळपट पडलेला.

सगुणाबाईनं एकदा वाटेत विचारलं होतं, "मास्तर, हा खरंच नकाशा असंल, तर आमचे गेले ती वाट हाय काय वो यात?"

"असेल की," मास्तर म्हणाले होते. त्यांना पोथी आणखी महिनाभर ठेवून घ्यायची होती.

त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं की जुन्या कागदावरचा मळ पावाच्या गरानं निघतो. मास्तर बेकरीतनं पाव घेऊन आले.

"पाव? आपल्या घरात?" त्यांची बायको कुसुम म्हणाली. "पडवीच्या आत आणलात तर जेवायला तोच मिळेल."

"खायला नाही आणला. पुसायला आणलाय."

"मग तर कौतुकच."

तरी ती बघायला आली. वाकून बघितलं आणि म्हणाली, "अहो, हे कुंकू आहे."

"डाग आहेत."

"मी रोज लावते. मला कळत नाही होय?"

"सांडलं असेल कुठल्या पूजेत. नंतरची घाण आहे ही, मूळ चित्राचा भाग नाही."

म्हणजे दोन बायकांनी सांगून झालं होतं. शिकलेल्या माणसाला नको म्हटलेलं ऐकू येतं, पण ते दुसऱ्या कुणाला तरी म्हटलंय असं त्याला वाटतं. मास्तरांनी आधी कडेचे ठिपके काढून हात बसवला, मग मधला घेतला. हलक्या हातानं, थोडं थोडं घासून. गर लाल झाला की अंगणात टाकायचा, नवा घ्यायचा. कुंपणावर कावळे बसलेच होते.

मधल्या ठिपक्याखाली काही नव्हतं. कोरा कागद. शहर नाही, देऊळ नाही, टिंबसुद्धा नाही.

मास्तरांनी उरलेला पाव बाजूला सारला. मग त्यांनी मोठ्या कागदावर चित्राची नक्कल काढली आणि मध्यावर एक लहानसा तट आणि तीन बुरूज काढले. कधी काळी असणारच, पुसट झालं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगताना माणूस आवाज चढवत नाही, म्हणून ते खोटं लवकर पटतं.

वाचनालयात पोथीवर व्याख्यान झालं. मास्तरांनी वेताची छडी बुरुजांवर ठेवून जेरुसलेम दाखवलं. गावातल्या वकिलांनी टाळ्या वाजवल्या. दाराशी सगुणाबाईचा दीर दादू उभा होता. माणसं पांगल्यावर तो पुढं आला.

"मास्तर, चित्र झ्याक काढलांव. लाल तेवढं ऱ्हायलं."

"ते मुद्दाम वगळलं. ती घाण होती."

"कंची घाण?" दादू म्हणाला, आणि मग त्यानं सगळं सांगितलं. लवूचं, मस्कतेच्या तांडेलाचं, ठेवलेल्या कुंकवाचं. रागानं नव्हे, ठाऊक नसलेल्या माणसाला वाट सांगावी तसं. शेवटी म्हणाला, "नकलेत नसंल तर नसूं दे. पोथीत हाय ना?"

"आहे," मास्तर म्हणाले.

"मग झालं. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी आमच्या कुंकू ठेवलेल्या बायका पोथी बगतात. सनाला त्या बंदरावर जात नाय ना. तवा न्यायला येतो."

"नको. मी आणून देतो."

त्या "आहे"नं मास्तरांचं जेवण गेलं. वर्गात फळ्यावर हिंदुस्थानचा नकाशा काढताना खडू थांबायचा. पुसण्याचा बोळा हातात घेववेना, पोरं हसायला लागली.

एका सकाळी कुसुम देवघरात गेली तर मास्तर तिचा करंडा पुढ्यात घेऊन बसलेले. शेजारी पोथी उघडी.

"काय करताय?"

त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "परत लावणार होतो. पण कुठं होते तेच आठवत नाही. मधला तेवढा आठवतो."

"नकलेत बघा की."

"नकलेत मी घेतलेच नव्हते."

कुसुमनं करंडा त्यांच्या हातातनं काढून घेतला. "त्यांचं कुंकू ह्यात नाही मिळायचं."

"मग दुकानातलं आणतो."

"आणा. सगुणाबाईचा नवराही दुकानातनंच आणा."

पुनवेच्या आदल्या दिवशी मास्तर पोथी फडक्यात बांधून पेठकिल्ल्यात गेले. पुळणीवर ओढलेल्या होड्यांना तेल लावणं चाललं होतं. सगुणाबाईच्या मागल्या दारी पाट मांडला होता. ती होती, तिच्या दोन म्हाताऱ्या चुलतसासवा होत्या, आणि दादू विहिरीचा दोर नीट करत होता.

"या मास्तर," सगुणाबाई म्हणाली. "गावली काय वाट?"

मास्तर पाटावर बसले नाहीत. उभ्यानंच फडकं सोडून त्यांनी पान उघडलं आणि तिच्यापुढं धरलं. तिचं बोट सवयीनं खालच्या अंगाला गेलं, तिथं थांबलं, मग कागदावर फिरत राहिलं, अंधारात वस्तू चाचपावी तसं.

"मी पुसलं," मास्तर म्हणाले. "तुम्ही नको म्हणाला होतात. मला ऐकू आलं होतं. तरी पुसलं. दादूनं विचारल्यावर आहे म्हणालो, तेही खोटं."

दादूच्या हातातला दोर थांबला. एक म्हातारी म्हणाली, "माजं पन?"

"सगळ्यांचं."

सगुणाबाईनं बोट उचललं नाही. "कशानं पुसलांव?"

"पावाच्या गरानं."

"आनि तो गर?"

इथं खोटं बोलता आलं असतं. समुद्रात सोडला म्हणता आलं असतं, बायकांना तेवढंच बरं वाटलं असतं. मास्तरांच्या तोंडाशी तो शब्द आलाही होता.

"अंगणात टाकला," ते म्हणाले.

"कुनी खाल्लान?"

"कावळ्यांनी."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. सगुणाबाईनं पानावरचं बोट उचललं. मग हळू म्हणाली, "म्हंजे कावळा शिवला."

सगुणाबाईनं मान वर केली.

"भावजी कितींदा म्हनले, वैनी, दिवस घालूया. मी म्हनलं, नाय. पिंड ठेवायचा नाय, कावळ्याला बोलवायचं नाय. माजा मानूस यायचा हाय." ती मास्तरांकडे बघून बोलत होती, पण आवाजात शिवी नव्हती. शिवी असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. "मी नाय म्हनलं, तां तुमी केलांव. आमाला न विचारता."

"सगुणाबाई, मी..."

"भावजी," ती म्हणाली, "पानी काढा. मला त्यांच्या नावानं आंगोळ करायची हाय."

"वैनी, अजून..."

"अजून काय ऱ्हायलंय?"

दादूनं कळशी विहिरीत सोडली. रहाट करकरला. सगुणाबाई विहिरीच्या काठाशी जाऊन बसली, आणि नेसत्या लुगड्यानिशी तिनं थंड पाणी डोक्यावर ओतून घेतलं. दोघी म्हाताऱ्या उठल्या आणि आपापल्या पाण्यासाठी तिच्यामागं जाऊन उभ्या राहिल्या.

मास्तर पान उघडं धरून उभे होते. पाण्याचे शिंतोडे त्यांच्या धोतरावर उडत होते. पोथी त्यांनी दादूपुढं केली. दादूचे हात दोराला होते, त्यानं ते सोडले नाहीत.

"ही कुठं ठेवू?" मास्तरांनी विचारलं.

दादूनं दुसरी कळशी वर ओढली.