पळसाच्या पानाचा धडा

गुणवंतरावांनी पळसाचं पान देठाला धरून उंच केलं आणि वर्गाला विचारलं, "सांगा पाहू, हे काय?"

कोणी बोललं नाही.

त्यांनी पान जरा डावीकडं नेलं, मग उजवीकडं. मुलांचे डोळे पानाबरोबर गेले आणि पानाबरोबरच परत आले. म्हणजे मुलं पाहत होती, ऐकतही होती. बोलत तेवढी नव्हती. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं तर त्यांच्याकडं असं पाहिलं, की जणू त्यांना बरं नाही हे तिला आधीच कळलं आहे.

हा गुणवंतरावांचा हुकमी धडा होता. सावली गावच्या शाळेत त्यांचा सारा जन्म गेला होता आणि आता पेन्शन जवळ आल्यावर डिप्टीसाहेबांनी त्यांच्यावर नवीन काम सोपवलं होतं. जंगलातल्या शाळांवर जायचं, नव्या मास्तरांच्या वर्गात मागं बसायचं आणि चुकलं तिथं शिकवून दाखवायचं. गावोगाव त्यांना 'मागं बसणारे गुरुजी' म्हणत. ज्ञाताकडून अज्ञाताकडं जावं, हे ट्रेनिंगमधलं वाक्य त्यांच्या रक्तात भिनलं होतं. पळसाचं पान कोणत्याही पोराला ठाऊक असतं. त्यावरून शिरा, मुळं, ऊन, पाणी असं पुढं सरकायचं. आजवर हा धडा कुठं अडला नव्हता. इथं मात्र बैल जागचे हलेनात.

शेवटी त्यांनी मुलांना खेळायला सोडलं. दाराशी उभ्या असलेल्या, या शाळेच्या नव्या शिक्षिका अन्नपूर्णाबाई पुढं आल्या.

"पाह्यलं ना गुरुजी? मले वाटे, मलेच शिकवता येत नाई. तुमच्यासमोरबी नाई बोलले." त्यांच्या आवाजात काळजी होती आणि थोडं समाधानही होतं. ते काही लपलं नाही.

"बाहेर बोलतात का?"

"बाहेर? कान किटून जाते."

अन्नपूर्णाबाई आरमोरीच्या. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला. दिराच्या घरी चुलीपुढं बसून दिवस काढता काढता त्या हट्टानं ट्रेनिंग करून आल्या होत्या. नोकरी अजून कच्ची होती. पुढच्या सोमवारी डिप्टीसाहेब तपासणीला येणार होते, आणि मुलं अशीच गप्प राहिली तर बाईंची गाठोडी बांधलेलीच होती. परत आरमोरी, परत तीच चूल. दिरानं तसा निरोपही धाडला होता, की तुझी जागा रिकामी ठेवली आहे.

दुसरा कोणी असता तर चार सूचना करून संध्याकाळच्या बैलबंडीनं परतला असता. पण गुणवंतरावांना न समजलेली गोष्ट तशीच टाकून जाता येत नसे. एकदा शाळेचं घड्याळ का मागं पडतं हे पाहायला त्यांनी ते उघडलं होतं. का मागं पडतं ते कळलं, घड्याळ मात्र पुन्हा कधी जोडलं गेलं नाही. हे कुतूहल अर्थात बाहेरच्या जगापुरतं होतं. घरी रुखमाबाई कमी बोलत. काही माणसं मुळातच कमी बोलतात, असं गुणवंतरावांनी लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं आणि मग त्या गोष्टीकडं पुन्हा वळून पाहिलं नव्हतं.

दिवस कलताना दोघं त्या पुढच्या रांगेतल्या पोरीच्या घरी गेले. तिची आजी सोमारी अंगणात पत्रावळी लावत बसली होती. बाजूला पळसाच्या पानांचा ढीग होता. काहीतरी बोलायला सुरुवात हवी म्हणून गुणवंतरावांनी एक पान उचललं आणि हसून विचारलं, "हे कशाचं पान, बाई?"

सोमारीचा हात थांबला. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, मग हळूच अन्नपूर्णाबाईंना म्हणाली, "या गुरुजीलेबी माहीत नाई का?"

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"आता काय सांगू? पोट्टी घरी येऊन सांगते, बाईले काईच माहीत नाई. गाय दाखवून इचारते, हे काय. मडकं दाखवून इचारते, हे काय."

"मंग सांगत काऊन नाई पोट्टे?"

"कसे सांगतीन?" सोमारीला प्रश्नाचंच नवल वाटलं. "येवढ्या मोठ्या माणसाले गाय माहीत नाई, हे चारचौघात दाखवाव का? तुमी परक्या, एकट्या. गावानं पोट्ट्यायले बजावून ठेवलं हाये, बाईची फजिती करू नोका. चूप राहा."

अन्नपूर्णाबाईंना आधी हसू फुटलं. मग त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि बराच वेळ तो खाली आलाच नाही. "मी रोज घरी येऊन रडत होती, गुरुजी," त्या म्हणाल्या, "अन् हे मले सांभाळून राह्यले होते."

सोमारी अजून विचारातच होती. "पण माहीत हाये त इचारता काऊन?"

"पोरांना येतं का ते पाहायला," गुणवंतराव म्हणाले.

"अस्सं," सोमारी म्हणाली. "आमच्याकडं ज्याच्यावर भरोसा नाई, त्यालेच असं इचारते."

परतताना वाटेत बाईंनी विचारलं, "आता काय कराव, गुरुजी?"

"मले माहीत नाई," गुणवंतराव म्हणाले. दुसऱ्या मास्तरांना शिकवायला लागल्यापासून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. त्यांना वाटलं, बाई खचतील. पण बाईंची पावलं उलट जरा हलकी पडू लागली.

ते मुक्कामाला राहिले. अन्नपूर्णाबाईंनी दुसऱ्या दिवसापासून एकच पथ्य पाळलं. ठाऊक असलेलं विचारायचं नाही. कोणती अळिंबी खायची आणि कोणती नाही? अस्वल मोहाच्या झाडाखाली येतं तेव्हा कुत्री कशी भुंकतात? बाईंना खरंच ठाऊक नव्हतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. मुलं आधी चाचरली, मग एकमेकांवर पडत सांगू लागली. बाई ते फळ्यावर लिहीत आणि आपणच सांगितलेलं पोरं वाचून दाखवत. गुणवंतराव मागं बसून ऐकत. धोका एकच होता. डिप्टीसाहेब काही अळिंबीबद्दल विचारणार नव्हते.

सोमवारी साहेब आले ते मान खाजवतच. सदऱ्याची कॉलर वर केली होती आणि चेहरा लाल झाला होता. नमस्कार झाले. साहेबांनी हातातली छत्री उंच धरली.

"हे काय?"

वर्ग गप्प. सोमारीच्या नातीनं साहेबांकडं मोठ्या मायेनं पाहिलं.

साहेबांनी छत्री उघडून दाखवली, मिटून दाखवली. "काय बाई, ही पोरं मुकी आहेत का?" त्यांनी खिशातलं पेन काढलं. ते पेन कागदाला टेकलं की काय होणार, हे अन्नपूर्णाबाईंना दिसत होतं. मागं गुणवंतराव अर्धवट उठले. पण दुसऱ्याच्या वर्गात साहेबांसमोर आपण बोलायचं नाही, हा त्यांनीच घालून घेतलेला नियम होता. ते तसेच खाली बसले, आणि बसणं इतकं जड असतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"साहेब," बाई एकदम म्हणाल्या, "तुमच्या मानेले काय झालं?"

साहेब वैतागले. "काय ठाऊक! नाल्यावर बैल सोडले तेव्हा वेलाखाली टेकलो होतो. तेव्हापासून नुसती आग होतेय. काय आहे हे, देव जाणे!"

सोमारीची नात ताडकन उठली. "खाजकुयरी!"

आणि मग सगळा वर्गच फुटला. "लव उडते तिची!" "खाजवू नोका साहेब, आणखी वाढते!" "शेण लावा लागते!" एक जण विचारायच्या आधीच बाहेर पळाला आणि ओंजळभर ताजं शेण घेऊन आला. साहेबांनी नाक मुरडलं, पण आगीपुढं काय चालतं? मानेला शेण थापून ते खुर्चीत बसले. तोवर बाईंनी पोरांचं बोलणं फळ्यावर उतरवलं होतं आणि वर्ग एका सुरात वाचत होता, खाजकुयरीची वेल नाल्याकाठी होते, तिच्या शेंगेवर लव असते.

"शेंग कशी असते?" साहेबांनी विचारलं. आपण तपासणीला आलो आहोत हे ते विसरले होते. सोमारीच्या नातीनं खडू घेतला आणि शेंग काढून दाखवली.

निघताना साहेब बंडीशी गुणवंतरावांना म्हणाले, "बाईंना कायम करायला हरकत नाही. तुमचा तो पानाचा धडा कामी आला म्हणायचा!"

हो म्हणणं किती सोपं होतं. "नाही साहेब," गुणवंतराव म्हणाले, "तो धडा इथं पडला. हे सगळं बाईंचं."

अन्नपूर्णाबाईंनी ते ऐकलं. त्या रांजणाकडं गेल्या आणि तोंडावर पाणी मारून परत आल्या.

सावलीला पोचल्यावर रुखमाबाईंनी ताट वाढलं. गुणवंतरावांनी पहिला घास घेतला आणि सवयीनं विचारलं, "वरणात मीठ कमी पडलं का?"

"असंन," रुखमाबाई म्हणाल्या.

गुणवंतरावांचा हात थांबला. मीठ कमी होतं, हे त्यांना विचारायच्या आधीच कळलं होतं. ते रुखमाबाईंकडं पाहत राहिले. आपल्याला खरोखर ठाऊक नसलेलं असं हिच्याबद्दल काय आहे, ते शोधू लागले. ते इतकं निघालं की त्यांना भीती वाटली.

"रुखमा," ते म्हणाले, "मी दौऱ्यावर असतो, तवा तू कोणासंग बोलतेस?"

रुखमाबाईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "खरंच माहीत नाई तुमाले?"

"नाई."

"कमळाबाई होती तवरी तिच्यासंग बोलत होती. शेजारची. ते मेली मागच्या उन्हाळ्यात. तुमी फिरतीवर होते."

"आन् आता?"

रुखमाबाईंनी पळी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि पाट ओढून त्या त्यांच्यासमोर बसल्या. मग बोलू लागल्या. ताटातला भात गार झाला. गुणवंतरावांनी मधे काहीच सुचवलं नाही.