तवकिरीची एकादशी

सुकलेली तवकीर दोन बोटांत चुरगाळली की करकरते. तो आवाज ऐकला की मला अजूनही माघातले स्वच्छ, कोरडे ऊन दिसते आणि त्या उन्हात उकिडवी बसलेली माझी काकी. समोर धुवट धोतरावर पसरलेले पांढरेशुभ्र सत्त्व, कोपरापर्यंत पांढरे झालेले सावळे हात आणि अंबाड्यात सुरंगीच्या फुलांचा वळेसर, ज्याचा गंध तिच्याआधी घरात शिरायचा. तवकिरीचे कंद किसावे, फडक्यातून गाळावे, साका तळाशी बसू द्यावा, वरचे पाणी ओतून पुन्हा नवे घालावे. कडवटपणा पुरता निघून जाईपर्यंत हा खेळ चाले, आणि एरवी क्षणभर कुठे न टेकणारी ही बाई तेवढ्यापुरती ऋषीसारखी स्थिर होई.

काकी शांत, सोशिक वगैरे होती असे मात्र कोणी समजू नये. अहो, तिचा आवाज जामसंड्याच्या आमच्या घरातून थेट पाणंदीपर्यंत ऐकू जायचा! भाकरी एका बाजूने हमखास करपायची आणि आरतीत तिचा सूर सगळ्यांना सोडून भलतीकडे जायचा. पण माणसाच्या तोंडाकडे पाहून त्याची भूक ओळखावी ती काकीनेच.

आणि त्या काळात आमच्या घरात एक तोंड भुकेले होते. माझी आत्या, काकांची धाकटी बहीण, ऐन पंचविशीत कपाळ पुसून माहेरी परतली होती. नवरा गलबतावर होता. गलबत बुडाले, तो आलाच नाही. आत्या रडली नाही, बोलली नाही. तिने उपास धरले. सोमवार, प्रदोष, चतुर्थी, एकादशी. उरलेल्या वारांनाही कुठले ना कुठले व्रत तिला सापडेच. साबुदाणा समोर ठेवला तर घशाखाली उतरत नाही म्हणायची. हातातली हाडे दिसू लागली. सगळ्यांना दिसत होते, पण उपासाला नको कोण म्हणणार? माझे आजोबा, ज्यांना सारे आबा म्हणत, ते तर पंचांग पाहिल्याशिवाय पाणी न पिणारे. त्यांना लेकीचे पुण्य दिसत होते. काकीला तिचे मरण दिसत होते.

वेंगुर्ल्याला काकीच्या माहेरी शेजारी रोजामाय राहायची. नाताळात ती वर-खाली निखारे ठेवून बिस्किटे भाजायची, ते काकीने लहानपणी डोळे भरून पाहिलेले. त्या फाल्गुनातल्या एकादशीला काकीने तेच मनात धरले. फक्त मैद्याच्या जागी तवकीर घेतली, अंड्याच्या जागी नारळाचा दाट रस. घरचे तूप, पिठीसाखर, वेलची, आणि परसातल्या झाडाचे जायफळ, हलक्या हाताने उगाळलेले. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवली, वाळूवर थाळी ठेवली, झाकणावर करवंट्यांचे निखारे पसरले. करवंट्या तडतडत होत्या आणि काकी, जन्माची बडबडी काकी, तोंड मिटून वासाकडे कान लावल्यासारखी बसली होती. मग तो वास आला. साऱ्या घरभर, ओटीपर्यंत, आत्याच्या काळोख्या खोलीपर्यंत.

गरम थाळी घेऊन काकी थेट आत्यासमोर बसली.

"वहिनी, माका उपास आसा," आत्या भिंतीकडे पाहत म्हणाली.

"म्हायत आसा माका. म्हणानच तर तवकिरीचा केलंय."

ओटीवरून आबांचा आवाज आला, "सूनबाय, एकादशीक बिस्कीट?"

काकीने डोक्यावरचा पदर सारखा केला, पण आवाज काही खाली आणला नाही. "आबांनू, ह्यात गव्हाचो कण नाय. तवकीर आसा, तूप आसा, नारळाचो रस आसा. ह्यातला उपासाक काय चलना नाय, ता तुमी सांगा."

उपासाला उपासाच्याच नियमांनी धरले होते तिने. आबा पंचांगातून वाट काढणार तरी कुठून? शेवटी ते खाकरले आणि म्हणाले, "मगे एक माका पण दी."

काकीने आधी आत्याच्या तळहातावर बिस्कीट ठेवले आणि त्या घराने कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात ती म्हणाली, "तोंडात घाल गो. चावूक नको. ता आपसूक इरघळता."

आत्याने ते जिभेवर ठेवले. ते विरघळले, आणि इतक्या महिन्यांचे थोपवलेले रडे एकदम फुटले. रडता रडता तिने दुसऱ्यासाठी हात पुढे केला. काकीही रडत होती, आणि रडतानाही थाळी पुढे सरकवत होती.

त्यानंतर प्रत्येक एकादशीला आमच्याकडे करवंट्यांचे निखारे पडत. गोळे काकी वळायची, त्यांवर अंगठ्याची खूण आत्या उमटवायची. आत्याच्या अंगावर पुन्हा मांस चढले, पुढे तर ती काकीच्या सुरावर हसायलाही लागली. अशी वर्षे गेली.

मग एका हिवाळ्यात तापाचे निमित्त होऊन काकीच गेली. काकांनी उपासबिपास काही धरले नाहीत; पानावर बसायचे, दोन शिते चिवडायचे आणि उठायचे. घर इतके गप्प झाले की समुद्राची गाज माजघरात ऐकू यायची. आणि एका दुपारी, एकादशी नसताना, करवंट्या तडतडल्या. त्या दिवशी गोळेही आत्यानेच वळले, खूणही तिचीच. थाळी घेऊन ती ओटीवर गेली, काकांच्या तळहातावर बिस्कीट ठेवले.

"दादा, तोंडात घाल. चावूक नको. ता आपसूक इरघळता."

काकांनी तोंडात घातले आणि ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मग त्यांनी दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

निखारे संध्याकाळपर्यंत विझले, पण काकीचे ते वाक्य त्या दिवसापासून आत्याच्या आवाजात राहायला आले. आता काका नाहीत, आत्याही नाही. आणि उद्या कुणाचा उपाशी तळहात माझ्यापुढे आला, तर त्या वाक्याला उरला आहे तो माझा आवाज.