चोचीचं मूळ

या मायबाप, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या. चिमणीहून लहान पाखराची गोष्ट सांगतो. ऐकायला जड आहे, पण ऐकून घ्या.

बोरीवलीत चंद्रप्रकाश नावाचे निवृत्त ड्राफ्ट्समन राहतात. उपनगरातल्या पक्षीवेड्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यातले ते काका. कुणी फोटो टाकला की पक्षी कोणता ते काका सांगणार, आणि काकांचा शब्द पडला की वाद मिटला. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि ऑपरेशन ते पुढे ढकलत होते. म्हणून त्यांनी ग्रुपला नियमच घालून दिला होता, "अंधारे फोटो मला दिसत नाहीत रे, उजळून टाकत जा." सगळे उजळूनच टाकायचे.

डिसेंबरातल्या एका शनिवारी मुलुंडच्या शीतलने माशीमाराचा, म्हणजे माश्या टिपणाऱ्या इवल्या पाखराचा, फोटो टाकला. शीतल पस्तिशीची, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. घरी ती आणि आई शांताबाई, दोघीच. फोटोखाली लिहिलं होतं, "तैगा!"

आता यांतले दोन माशीमार फार सारखे. एक लाल छातीचा, थंडीत आपल्याकडे नेमाने येणारा. दुसरा तैगा, सायबेरियाकडचा, इकडे क्वचितच. दोघांच्या माद्या शेजारी बसवा, जुळ्या बहिणी वाटतील. फरक एवढाच, की पहिलीच्या खालच्या चोचीचं मूळ फिकट असतं. तैगाची चोच मुळापर्यंत काळी, आणि शेपटीच्या वरची पिसंही काळीकुट्ट.

काकांनी फोटो मोठा करून पाहिला. मूळ फिकट दिसलं. "लाल छातीचा," त्यांनी लिहून टाकलं.

ग्रुपमधल्या कृणालने लगेच टोमणा मारला, "शीतलकडे डायरेक्ट सायबेरियाहून पाहुणे येतात ना!"

शीतलने काकांना फोनच केला. "काका, चोच काळी होती. मी स्वतः बघितलीये!"

"बघितली असशील गं, पण फोटोत नाही ना. समोरून घेतलायस. पाठ दाखव, मग मानतो."

"दाखवतेच. उद्याच जाते."

"जा की," काका हसत म्हणाले.

रविवारी सकाळी ती मुलुंडच्या डोंगरातल्या सुक्या ओढ्याच्या काठाने वर चढली. डोळा कॅमेऱ्याला लावलेला, आणि पाय सुटलेल्या दगडावर पडला. दुपारी ती लोकांना खाली सापडली, तेव्हा सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर शांताबाईंनी कॅमेऱ्यातलं कार्ड काकांकडे पाठवलं. सोबत निरोप, "तुम्हाला यातलं कळतं. मी ठेवून काय करू?"

काकांनी कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला, न उजळलेला. नाक पडद्याला टेकवून पाहिलं. चोच मुळापर्यंत काळी. मग त्यांनी स्वतःच्या हाताने तो उजळला, आणि काळं मूळ हळूहळू फिकट झालं.

पांडुरंगा! नियम तर त्यांचाच होता.

दोन दिवसांनी त्यांनी घरी सगळं सांगितलं. सून दिपाली म्हणाली, "बाबा, कुणाला कळणारेय? त्या माऊलीला आणखी कशाला जाळता?"

"मला कळलंय ना," काका म्हणाले आणि मुलुंडला गेले.

शांताबाईंच्या दारातच त्यांनी सांगून टाकलं. "शीतल पहिल्याच दिवशी बरोबर होती. चूक माझी. मी मूळ फोटो मागवला असता तर ती रविवारी गेलीच नसती."

शांताबाई म्हणाल्या, "शनिवारी जेवताना ती म्हणाली, काकांचं कधी चुकत नाही, माझेच डोळे फसले असतील. एकदा बघून येते." पदराने तोंड पुसलं. "या आता तुम्ही."

दार लागलं. जिन्यातच उभं राहून काकांनी ग्रुपवर लिहिलं, "तैगाच. नोंद शीतलची. ओळखण्यात मी चुकलो."

मायबाप, उद्या देवापुढे हात जोडाल तेव्हा शीतलचं नाव घ्या. आणि जमलं तर शांताबाईंचंही. त्या घरात आता एकट्याच असतात.