आमच्या घरातलं सरबत

बाटली शंभर मिलिलिटरची होती आणि तिच्यात अठ्ठावन्न उरलं होतं. आईने ती आदल्या दुपारी औषधाच्या दुकानातून आणली होती, म्हणजे वीस तासांत बेचाळीस संपलं. लेबलवर लिहिलं होतं : दिवसाला तीसपेक्षा जास्त नाही.

मी पुन्हा मोजलं. मग बारीक अक्षर वाचलं आणि पहिल्याच नावाशी अडले. डेक्स्ट्रोमेथॉर्फन, खोकला दाबणारं. मेंदूत केटामाइन जिथे काम करतं, तिथेच हेही करतं. आणि आई दादाला घेऊन दवाखान्यात, त्याच्या नैराश्यावरच्या केटामाइनच्या पाचव्या सेशनला गेली होती.

आईला फोन लावला. तो ओट्यावरच वाजला. बाटली पिशवीत टाकून मी निघाले.

दादा आपल्या दुकानात चष्म्याच्या काचा घासून बसवायचा. गेले सात महिने तो दुकानाकडे फिरकला नव्हता. गोळ्या झाल्या, बदलून झाल्या, काही फरक नाही. चौथ्या सेशननंतर मात्र एका सकाळी आपणहून उठला, दाढी केली आणि तासभर दुकानात बसून आला. आई त्या एका तासावर जगत होती.

मी पोचले तेव्हा सिस्टर त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत होत्या.

"इतर काही औषध घेतलंत?"

"नाही," दादा म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. लहानपणी तो खोकल्याचं औषध थुंकून टाकायचा, म्हणून आई त्या औषधाला सरबत म्हणायला लागली. तेव्हापासून आमच्याकडे औषध म्हणजे गोळी. बाटलीतलं ते सरबत.

"आली मोजपट्टी," मला बघून तो म्हणाला. "प्रयोगशाळेला सुट्टी का आज?"

"दादा, सरबत किती प्यायलास?"

आईने माझा हात धरून मला दाराकडे ओढलं. "हळू बोल. खोकला ऐकला तर परत पाठवतील, म्हणून दोन घोट जास्त दिले. तुम्हा दोघांना काय मोजून वाढवलं का मी?"

"बेचाळीस मिलिलिटर झालंय, आई."

"झालं! आता घरातही नळ्या लावून बस."

दादा माझ्याकडे बघत होता. त्याला समजलं होतं. "नको सांगूस," तो हळूच म्हणाला. "आजचं होऊ दे. पुढे नाही रेटवत मला."

मी सिस्टरच्या हातात बाटली दिली.

डॉक्टरांनी लेबल शेवटपर्यंत वाचलं. "दोन्ही एकत्र नको. भान फार हरपू शकतं, गुंगी वाढू शकते. आणि यात नाक मोकळं करणारंही आहे, त्याने रक्तदाब चढतो. केटामाइननेही चढतो. आज थांबू या."

"चूक माझी, आणि शिक्षा त्याला?" आई म्हणाली.

"शिक्षा नाही हो. फक्त यापुढे दुकानातली कुठलीही बाटली उघडण्याआधी आम्हाला फोन करा. सर्दीची असो, खोकल्याची असो, घरात तिला काहीही म्हणत असा."

सिस्टरने वही चाळली. पुढची मोकळी वेळ नऊ दिवसांनी होती.

पायऱ्या उतरताना दादाला उबळ आली. सवयीने तो तोंडावर रुमाल दाबून ती जिरवायला लागला.

"खोक रे बाबा," आई म्हणाली. "आता खोक." आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली.

त्या नऊ दिवसांत तो दुकानात गेला नाही. दाढीही केली नाही. माझ्याशी भांडला असता तर बरं वाटलं असतं, पण विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा, तेही भिंतीकडे बघून. खोकला पाचव्या दिवशी थांबला.

नवव्या दिवशी सिस्टरने सेशनच्या आधी आणि नंतर भरायचा कागद दिला. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. जितके जास्त, तितकी उदासी खोल. मरणाचे विचार येतात का, या शेवटच्या प्रश्नाशी दादा बराच वेळ थांबला, मग आकडा लिहून कागद माझ्याकडे सरकवला. बेरीज मी केली.

चौथ्या सेशननंतर अकरा होती. आज एकवीस.