ठकूबाईचं जुनं तेल

टिकारामच्या लेकीला, चंदाला, जुळं झालं ते साल दोन हजार एकोणीस. एक मुलगा, एक मुलगी, दोघांचे आवाज मात्र एकाच भोंग्याचे. फेब्रुवारीत टिकारामच्या रुआबांध्यातल्या घरी नामकरण ठरलं आणि वडे कोण तळणार यावरून रण पेटलं.

टिकारामच्या घरचे वडे म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे, ठकूबाईचे. पंचवीस वर्षं कढई तिच्या हातात होती. तिची एक रीत होती. विरजणासाठी जसं जुनं दही ठेवतात, तसं ती दर जेवणावळीचं वाटीभर तेल बरणीत राखायची आणि पुढच्या वेळी नव्या तेलात ओतायची. पहिलं तेल तिच्या नवऱ्याने, दौलतरावांनी, तापवलेलं. दौलतराव गेले, तेल राहिलं. आता ते डांबरासारखं झालं होतं आणि कढई तापली की सगळी गल्ली खोकायची.

चंदाचे सासरे भाऊराव रेल्वेतून निवृत्त झालेले, मोहन नगरात राहायचे. मागच्या जेवणाला खोकता खोकता त्यांची कवळी वरणात पडली होती.

"इवाई, या खेपेला केटरर बोलवा," ते आपल्या व्याह्याला, टिकारामला, म्हणाले. "नातवंडाइले नाव ठेवाचं हाय, धुरी नाही द्याची."

ठकूबाई दारातच उभी होती. "कढई गेली तं मी कायले येऊ? पाहुणी म्हून बसाले?"

भाऊराव मोबाईलमध्ये केटररचा नंबर शोधू लागले. तिला ते उत्तरासारखंच लागलं.

टिकारामची धाकटी, प्रेरणा, एम.एस्सी. करत होती. एस्टर नावाचे पदार्थ तापवले की कसे तुटतात, कोणता लवकर आणि कोणता उशिरा, हाच तिचा अभ्यास. ती म्हणाली, "आत्या, तेल भी एस्टरच हाय. तुझं तेल तुटून तुटून आंबट झालं, म्हून धूर. पाणी तोडते, हवा तोडते, आन लई तापलं तं आपल्याच घडणीनं तुटते. थांब, दाखवते."

तिने अंगणात सहा जणांना गोल बसवलं. भाऊराव ऑक्सिजन. त्यांनी शेजारच्या टिकारामला दोन्ही हातांनी धरायचं. टिकारामचा हात जावई सुजयच्या हातात, सुजयचा चंदाच्या, चंदाचा आई कांताच्या, म्हणजे बाजूच्या कार्बनच्या, आणि कांताच्या करंगळीला ठकूबाई, म्हणजे हायड्रोजन. सासऱ्यासमोर नवऱ्याचा हात धरायची चंदाला लाज वाटेना. सुजय मात्र टोमॅटो झाला.

"आता गरमी वाढली," प्रेरणा म्हणाली. "भाऊराव काका, एक हात सोडा आन आत्याले वढा!"

भाऊरावांनी ओढलं. ठकूबाई कांताच्या करंगळीवरून सुटून थेट त्यांच्या मांडीवर. त्याच दमात सुजय आणि चंदाचा हात सुटला. सुजयने टिकारामला दोन्ही हातांनी पकडलं, चंदाने आईला.

"झाले दोन तुकडे! इकडं आत्यासकट आंबट, तिकडं मायलेकी."

"आंबट कोन व?" भाऊराव म्हणाले.

"उठू द्या आंधी मले," ठकूबाई म्हणाली.

मग प्रेरणाने डाव बदलला. कांताच्या एका हातात चंदा, दुसऱ्यात शेजारची तारा, आणि पदराच्या दोन टोकांना दोन पाळण्यांच्या दोऱ्या. ठकूबाईला जागाच उरली नाही. भाऊराव हात हवेत फिरवत राहिले. ओढायला कोणी नव्हतं.

"बाजूच्या कार्बनवर हायड्रोजन नाही तं गोल जमत नाही. असा एस्टर लई गरमी झेलते. प्लांटमधलं हायड्रॉलिकचं तेल, जल्दी आग न पकडनारं, थे असंच बनवतेत."

टिकारामने पस्तीस वर्षं त्याच कारखान्यात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचा, फिटर म्हणून काढली होती. त्याचे डोळे चमकले, पण मनात शिजलेला बेत त्याने स्वतःपाशीच ठेवला. बोलला असता तर पुढचं टळलं असतं.

नामकरणाच्या सकाळी ठकूबाईने कढई मांडली. केटरर पुढच्या वेळेपासून, ही कढई शेवटची, असं तिला सांगून ठेवलेलं. बरणी हातात घेते तोच टिकाराम पाच लिटरचा डबा घेऊन आला. ओळखीच्या केवलरामच्या यंत्रदुरुस्तीच्या दुकानातून उचललेला.

"बाई, तुयी कढई नाही जाऊ देत मी! न तुटनारं तेल आनलं. धुराचं नाव नको!"

त्याने झाकण उघडून डबा तिरपा केला. ठकूबाई अठ्ठावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात अक्षरं शिकली होती आणि तेव्हापासून समोर आलेला कागद वाचल्याशिवाय सोडत नव्हती, भजी बांधलेला असला तरी. ती डब्याला बोट लावून वाचू लागली.

"खा... ने... के... का... म... का..."

"पाह्य! खाने के काम का!" टिकारामने डबा आणखी वाकवला.

"थांब रे. न... हीं."

डबा जागेवर थांबला. एक थेंब काठावर लोंबत होता. ठकूबाईने तो पदराने टिपला आणि त्याच पदराने भावाला झोडपलं.

"बावा, तू माह्यी कढई वाचवू ऱ्हायला का पावने मारू ऱ्हायला?"

"तुटत नाही म्हनाली ना पोरगी!"

"तुटत नाही म्हनाली. खा नाही म्हनाली!"

आतून भाऊरावांचा आवाज आला, "केटररले फोन लावू का?"

ठकूबाईने हातातल्या बरणीकडे पाहिलं. उन्हातही तिच्यातून पलीकडचं दिसत नव्हतं. "तुमी तं कवाचे तुटले," ती बरणीला म्हणाली. मग फाटकापाशी जाऊन दौलतरावांचं सगळं तेल तिने करकरणाऱ्या बिजागऱ्यांवर ओतलं, कढई घासली, नवं तेल ओतलं आणि प्रेरणाला थर्मामीटर धरून शेजारी उभं केलं. धूर निघाला नाही. भाऊरावांनी कवळी न पाडता अकरा वडे खाल्ले आणि बाराव्याला म्हणाले, "केटररले पत्ताच सापडला नसता म्हना."

कढई राहिली. फाटक मात्र त्या तेलाने असं चिकटलं की अजून लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. पुढची जवळजवळ चार वर्षं ठकूबाई तिथूनच, लाथ मारून, वडे तळायला येत होती. ती तीन डिसेंबर दोन हजार बावीसला, शनिवारी सकाळी वारली.